बंद घरातील कॅमेरे : जबाबदारी घरमालकाची की उत्पादकाची?

धागाकर्ता, म्हापसा : गोव्यातील बार्देशात वर्षाचे बरेच महिने कुलूपबंद असणाऱ्या घरांवर हल्ली मुंबईतून किंवा आखातातून मोबाइलवर नजर ठेवली जाते. या कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी घरमालकाचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक वापरून पाहत. तो केवळ तात्पुरत्या मेमरीत राहत असल्यामुळे वीज गेली की पुसला जातो (म्हणजे आपला पावसाळा त्याला मुळीच मानवणार नाही), पण पासवर्ड तोच राहिला तर वीज परतल्यावर काही मिनिटांत पुन्हा शिरतो. पासवर्ड बदलणे एवढे साधे काम कोणत्या कायद्यावर सोपवायचे?

प्रतिसाद, फोंडा : असहमत. मिराईला बळी पडलेल्या अनेक उपकरणांत टेलनेटचा (दुरून उपकरणात शिरण्याच्या जुन्या सोयीचा) पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला होता. मालकाने वेब पानावरून पासवर्ड बदलला तरी तो मागचा दरवाजा उघडाच राहत असे. अशा वेळी मालकाला दोष कसा देणार? म्हणूनच ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना सारखाच सोपा पासवर्ड देण्यास मनाई केली आणि सुरक्षा अद्यतने किती काळ मिळतील हे सांगणे उत्पादकांना बंधनकारक केले. आपल्याकडेही २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे.

धागाकर्ता : हे नियम नव्या मालाला लागू होतात, बाल्कनीत आधीच लटकलेल्या कॅमेऱ्याचे काय? ज्याचा पासवर्ड बदलता येत नाही आणि ज्याला अद्यतने मिळत नाहीत, तो उतरवण्याचा निर्णय सरकार घेणार नाही, मालकालाच घ्यावा लागेल.

प्रतिसाद, मडगाव : आपण दोघेही कॅमेरे बसवणाऱ्याला विसरलात. बाहेरून चित्र दिसावे म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) तोच उघडून ठेवतो आणि अ‍ॅडमिन पासवर्डही बहुधा त्याच्याकडेच असतो. बिल चुकते करण्यापूर्वी तो पासवर्ड आपल्यासमोर बदलून घ्यावा, पोर्ट आणि यूपीएनपी (उपकरणांना असे पोर्ट आपोआप उघडू देणारी राउटरची सोय) बंद करायला लावावे. घर पर्यटकांना भाड्याने देत असाल, तर त्यांना गेस्ट वायफायच द्यावे. कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन एकाच नेटवर्कवर ठेवणे मला अक्षम्य वाटते.

प्रतिसाद, फोंडा : सूचना योग्य आहेत, परंतु यूपीएनपी म्हणजे काय हे सत्तरीतल्या मालकिणीला ठाऊक असावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. ते विक्रीच्या वेळीच बंद असायला हवे.