मदत हवी आहे: मक्याच्या कणसाचा पाइप आतून जळतोय की मुरतोय?

आधीच सांगतो, तंबाखू वाईट हे मान्य. 'सोडून दे' हा सल्ला घरात रोज मिळतो. इथे प्रश्न फक्त पाइपचा आहे.

सात-आठ वर्षं ब्रायरचे (एका झुडपाच्या कठीण लाकडाचे) पाइप ओढतोय, संध्याकाळी एखादा. चार महिन्यांपूर्वी हौस म्हणून कणसाचा घेतला आणि खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी आवडला. हातात वजन जाणवत नाही, नवेपणी ब्रायरचे करावे लागतात तसे लाड करावे लागत नाहीत, तंबाखूची चवही स्वच्छ लागते. तेव्हापासून रोज तोच, कधी दिवसातून दोनदा. ब्रायर धूळ खात पडलेत.

आता दोन तक्रारी. बाऊलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) तळाशी लाकडी दांडीचं टोक आत डोकावतं, ते काळं पडून एका बाजूने झडलंय. आणि दांडी जिथे कणसात शिरते तिथे हलते, स्टेम (तोंडात धरायची नळी) फिरवलं की सगळी दांडीच फिरते.

एक कबुली. पंधरा दिवसांपूर्वी वास यायला लागला म्हणून ब्रायरला करतो तसं बाऊलमध्ये मीठ भरून अल्कोहोल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. त्यानंतरच दांडी सैल झाली असं वाटतंय. पाइप वाचेल का? की कणसाचे पाइप असेच वापरून टाकायचे असतात?

धुरकट:
कणसाला मीठ-अल्कोहोल! अहो, ते दाणे काढलेलं बुरकुंड आहे, पाणी पिणारच. ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि दांडी गोंदाने बसवलेली असेल तर तिचा जोड त्यात सुटतो. बऱ्याच पाइपांना बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप असतो, त्यालाही ओल मानवत नाही. बाऊलमध्ये पाणी नाही, अल्कोहोल नाही. ओढून झालं, राख झाडली, कागदाच्या बोळ्याने आतून पुसलं, दांडीतून कोरडा पाइप क्लीनर (मऊ लव असलेली बारीक तार) फिरवला, संपलं. फार वास आला तर क्लीनरचं टोक अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं करून फक्त दांडीतून फिरवा.

काळ्या टोकाची मात्र काळजी नको. काही मॉडेलांत दांडी मुद्दामच आतपर्यंत आलेली असते. पहिल्या काही वेळा ती जळते, कडवट वास येतो, मग तिच्यावर काजळी बसते आणि विषय मिटतो.

आडवाटेचा:
एक विचारू? स्टेम कधी काढता, पाइप गरम असताना? बहुतेकांच्या दांड्या तिथेच सैल होतात. पूर्ण गार होऊ द्या, मग दांडी एका हाताने घट्ट धरून स्टेम फिरवत काढा. बाऊल धरून पिळलंत तर सगळा जोर जोडावर येतो.

आणि हे 'वापरून टाकायचे' पाइप नाहीत. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात हेन्री टिबे या लाकूडकाम करणाऱ्या डच कारागिराने १८६९ मध्ये ते विकायला सुरुवात केली, प्लास्टरच्या लेपाचं पेटंट १८७८ चं. त्याचीच कंपनी, आताचं नाव मिसुरी मीअरशॉम, अजून तिथेच पाइप बनवते. (दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या फोटोतला तो उंच पाइपही कणसाचाच.) कणसं कातण्याआधी दोन-दोन वर्षं वाळवतात. एवढं वाळवलेलं तुम्ही एका रात्रीत भिजवलंत!

धागाकर्ता:
गरम असतानाच काढायचो. दोन्ही गुन्हे कबूल. पण बूड जळून आरपार भोक पडायच्या बेतात आहे हे कसं ओळखायचं?

धुरकट:
ओढताना बाऊलवरून बोट फिरवा. सगळीकडे सारखं गरम असेल तर ठीक. एकाच जागी चटका बसत असेल किंवा बाहेरून तपकिरी डाग दिसून तो गडद होत असेल तर तिथे आतून खाल्लं जातंय. कारण बहुतेक वेळा घाईचे झुरके किंवा वाऱ्यात बसून ओढणं. काजळीचा थर हेच खरं संरक्षण, पण पातळ हवा, मिलिमीटरभर. सुरीने खरवडू नका, कणीस ब्रायरपेक्षा मऊ आहे, काजळीबरोबर भिंतही निघते.

धागाकर्ता:
बघितलं. बाहेर डाग नाही, चटकाही नाही. तळाशी मात्र झडलेल्या टोकाखाली खड्डा आहे.

आडवाटेचा:
मग आधी आठवडाभर त्याला हात लावू नका, उघड्यावर वाळू द्या. दांडीला लाकडाचा गोंद चालतो, पण फक्त बाहेरच्या जोडाला. आत धुराच्या वाटेत किंवा बाऊलमध्ये थेंबही नको. खड्ड्यासाठी सिगारची राख घ्या, पाण्याचे दोन-चार थेंब टाकून चिखल करा आणि थापा. पूर्ण वाळेपर्यंत पेटवायचा नाही. पहिले काही बाऊल अर्धेच भरून सावकाश ओढा.

आणि त्या बिचाऱ्याला रोज दोनदा राबवू नका. एकदा ओढला की निदान दिवसभर विश्रांती. ओल आतच राहिली की आंबूस वास येतो, तुमचा मूळ वास तोच असणार. आणखी एक कणसाचा घेऊन आलटून पालटून वापरा, नाहीतर ब्रायरवरची धूळ झटका.

धागाकर्ता:
आज गोंद लावला, दोऱ्याने बांधून ठेवलाय. राख थापताना दांडीचं भोक बुजणार नाही ना?

धुरकट:
बुजतं, माझं एकदा बुजलंय. थापण्याआधी दांडीतून क्लीनर आत घालून ठेवा, चिखल जरा घट्ट झाला की हळूच ओढून काढा.