कण मातीत गेल्यावर

धातूंचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पिकाच्या मुळांवाटे जसेच्या तसे दाण्यापर्यंत पोचतात, हे विधान सरसकट धरू नये. धातू कोणता, यावर बरंच ठरतं. सोयाबीनवरच्या प्रयोगांत झिंक ऑक्साइडचे कण दाण्यात सापडले नाहीत. जस्त पोचलं, पण सायट्रेटसारख्या सेंद्रिय आम्लाशी बांधलेल्या रूपात. सिरियम ऑक्साइड मात्र बहुतांशी कणरूपातच शेंगांपर्यंत गेलं. चांदीचं आणखी वेगळं: सांडपाण्याच्या गाळात तिचं मुख्यतः सिल्व्हर सल्फाइड होतं आणि ते फारच कमी विरघळतं.

मला खरी काळजी वाटते ती सोयाबीनसारख्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींची; तिथले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात (नत्र स्थिरीकरण). २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिरियम ऑक्साइडची मात्रा जास्त असलेल्या मातीत सोयाबीनच्या गाठींमधलं नत्र स्थिरीकरण जवळपास बंद पडलं होतं. बशीतल्या ओल्या कागदावर बी रुजवून केलेल्या चाचणीत ना माती असते ना रायझोबियम (गाठींमधले हे जिवाणू), त्यामुळे हा परिणाम तिथे दिसूच शकत नाही. कुठलंही नॅनोखत निर्धोक आहे असं कुणी सांगितलं, तर द्विदल पिकांच्या बाबतीत चाचणी मातीत आणि गाठी धरेपर्यंत चालवली होती का, हे मी आधी विचारेन.