हूपरची सरासरी ३६ होती. मग?

नॉर्थस्टँड

परवा इथे फोरमवर ‘स्कोअरबुक’ यांनी लिहिलं की वेस्ट इंडीजच्या कार्ल हूपरच्या आठवणी काढणारे लोक कसोटीतल्या ३६ च्या सरासरीवर अत्तर शिंपडतात, आणि असा बॅट्समन मुंबईच्या संघात दोन मोसमही टिकला नसता. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

डिसेंबर १९८७, वानखेडे. मी नववीत. मामाने तिकिटं काढली ती विव्ह रिचर्ड्ससाठी. हूपरची ती पहिलीच कसोटी, सामना चालू असतानाच तो एकवीस वर्षांचा झाला. त्याने धावा किती केल्या ते मी विसरलो, त्याचं उभं राहणं विसरलो नाही. पुढच्याच कसोटीत कोलकात्याच्या ईडनवर त्याने नाबाद शतक ठोकलं, तेव्हा वर्गात सगळ्यांना सांगत सुटलो, मी याला समोर बसून बघितलाय.

त्याचं स्पिन खेळणं आठवा. बोलरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत हा गडी हलायचा नाही. मग दोन पावलं. त्यात धावपळ नाही, घाई नाही. झोपलेलं पोर उठू नये म्हणून आई खोलीतून जाते ना, तशी. चेंडू टप्प्यावर गाठायचा, लाँग ऑनच्या डोक्यावरून जायचा, आणि बॅट खांद्यापर्यंतही जायची नाही, मध्येच थांबायची. ज्याने हे पाहिलंय त्याला तुम्ही ३६ चा आकडा काय सांगता?

स्कोअरबुक

वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. १०२ कसोट्या, ५७६२ धावा, १३ शतकं, सरासरी ३६.४६. देखणेपणाच बघायचा तर वेस्ट इंडीजचाच रोहन कन्हाय काय कमी होता? पडता पडता मारलेला तो स्वीप, ईडनवरचे २५६! गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच्यावरून. त्याची सरासरी ४७ च्या वर. कालीचरणची ४४, लाराची जवळजवळ ५३. म्हणजे देखणं खेळूनही धावा होतात. हूपर तीस-चाळीसवर छान जमलेला असायचा आणि हातातली विकेट फेकून यायचा. मी किती वेळा टीव्हीसमोरून चिडून उठलोय! १९९९ च्या वर्ल्ड कपला तीन आठवडे उरले असताना निवृत्ती जाहीर केली, संघ वाऱ्यावर.

अशा माणसाला १०२ कसोट्या, आणि आमच्या अमोल मुझुमदारला एकही नाही. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. माझं दुखणं ते आहे.

रंकाळा

अमोलचं दुःख खरं आहे, पण अन्यायाचा हिशेब मांडताना मुंबईकरांची वही दादरलाच का संपते? भाऊसाहेब निंबाळकरांपासून सुरुवात करा की. पुणे, डिसेंबर १९४८, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी. आणि समोरच्या कप्तानाने नामुष्की नको म्हणून सामनाच सोडून दिला. अशा माणसाला एकही कसोटी नाही! मुंबईचा असता तर आज चौकाचौकात पुतळे असते.

स्कोअरबुक

निंबाळकरांबद्दल आदर आहे. पण काठियावाडची ती गोलंदाजी. मुंबईच्या आक्रमणासमोर ४४३ केले असते तर मीही पुतळ्यासाठी वर्गणी दिली असती.

रंकाळा

तोंड सांभाळून लिहा. माझे आजोबा तेव्हा पुण्यात शिकत होते, त्या दिवशी ते ग्राउंडवर होते. शेवटपर्यंत सांगायचे, सुट्टी झाली, लोक परत जागेवर येऊन बसले आणि काठियावाडचं कुणी मैदानात उतरलंच नाही. लोक वाट बघत बसले होते हो! आजोबा हे सांगताना दरवेळी त्या ठिकाणी गप्प व्हायचे. तुम्ही कागदावर गोलंदाजी मोजा. हूपरचंही तुम्ही हेच केलंत.

नॉर्थस्टँड

दोघांनाही विनंती, धागा हूपरचा आहे. निंबाळकरांवर मीही तासभर बोलेन, पण इथे नको.

जुनाप्रेक्षक

वय ६८. १९७५ ला वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीला होतो. वेस्ट इंडीजच्या लॉइडचे नाबाद २४२. द्विशतक झाल्यावर एक प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवला आणि स्टँड पेटून उठले. आपल्या सोलकरनेही त्यात शतक केलं, त्याचं नाव आज कुणी काढत नाही, हीसुद्धा माझी तक्रार आहे.

पण सांगायचंय ते वेगळं. त्या डावात फ्रेडरिक्सने १०४ केले आणि कालीचरणने ९८. मला फ्रेडरिक्सचा एक फटका आठवत नाही. ते ९८ मात्र आजही वाईट वाटायला लावतात. दोन धावा हव्या होत्या त्या पोराला. स्कोअरबुकात शतक फ्रेडरिक्सचं आहे, माझ्याकडे कालीचरणचं आहे. आणि एक बघा, लॉइड, फ्रेडरिक्स, कालीचरण हे तिघेही गयानाचे, कन्हाय गयानाचा, हूपरही गयानाचा. त्या मातीत काहीतरी आहे.

स्कोअरबुक

काका, तुमचं वाचून बरं वाटलं. पण ९८ करणारा आणि ३८ वर विकेट फेकणारा, हे एका पंक्तीत बसत नाहीत.

ऑफब्रेक

मी मुंबईच्या कांगा लीगमध्ये बारा वर्षं ऑफस्पिन टाकली, म्हणून बोलरच्या बाजूने सांगतो. बॅट्समन पुढे येणार हे आम्हाला आधी कळतं. खांदा कलतो, मागचा पाय उचलतो, कुणी डोळ्यांनीच सांगतो. मग आम्ही चेंडू आखूड टाकतो, लेग स्टंपच्या बाहेर काढतो. हूपर काहीच सांगायचा नाही. चेंडू हातातून गेला की आमच्या हातात उरतंच काय? स्लो मोशनमध्ये त्याचे पाय बघून मी ते पोरांना शिकवायचा प्रयत्न केला. एकालाही जमलं नाही, सगळे बोलरच्या आधी निघतात.

मला लहानपणी एका कोचने पुढे सरसावून स्टंप झालो म्हणून दोन सामने बाहेर बसवलं होतं. तेव्हापासून मी बॅटिंगचा नादच सोडला. आपल्याकडे किती हूपर असे बाहेर बसवले गेले असतील.

आणि ‘स्कोअरबुक’, २००२ विसरलात? हूपर कप्तान, समोर आपण. गयानातल्या बूर्डा मैदानावर २३३, मालिकेत तीन शतकं, आपण २-१ ने हरलो. साडेसातला सामना सुरू व्हायचा, दुसऱ्या दिवशी ऑफिस असायचं, तरी आमच्या घरात दिवा रात्री दोनपर्यंत जळायचा. आपली धुलाई चालली होती आणि टीव्ही बंद करवत नव्हता.

स्कोअरबुक

२००२ मान्य. तिथे तो आपल्याला पुरून उरला, नाकारणार नाही. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. पस्तिशीत मालिकेत तीन शतकं करणाऱ्याने आधीची पंधरा वर्षं काय केलं? ते आठवलं की मला जास्तच चीड येते.

नॉर्थस्टँड

चीड येते ना? ज्याची फिकीर नाही त्याची चीड येत नाही. तुम्ही त्याच्यासाठी टीव्हीसमोरून उठत होतात, मीही उठत होतो.

स्कोअरबुक

उठत होतो, हे खरं. परत येऊन बसायचो, हेही खरं. त्या दोन पावलांबद्दल तुमचं बरोबर आहे. ३६ वर मी ठाम आहे.

रंकाळा

निंबाळकरांवर वेगळा धागा काढतोय. आजोबांच्या वहीतली त्या दिवसाची नोंद टाकतो.

स्कोअरबुक

काढा. मी येणार. गोलंदाजीबद्दल बोलणार, पण वही आधी वाचतो.