ह्यूगलकल्चरच्या वाफ्यावर पहिल्याच हंगामात पाने पिवळी पडत आहेत

प्रश्न

नमस्कार. तोडलेल्या झाडाचे ओंडके, त्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेवटी मातीचा थर, अशा रचनेचा कमरेएवढ्या उंचीचा ह्यूगलकल्चर वाफा मी यंदा तयार केला. पुरलेले लाकूड ओल धरून ठेवते आणि पाणी फारसे द्यावे लागत नाही, असे वाचले होते; प्रत्यक्षात माथ्यावरची माती लगेच वाळते, कोबी व टोमॅटोची खालची पाने पिवळी पडत आहेत आणि एक बाजू खचली आहे. वाफा उपसून पुन्हा रचावा का? पुढे त्याच्या माथ्यावर एखादे फळझाड लावण्याचाही विचार आहे.

उत्तर 1

जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्राची कमतरता आहे, कारण नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते. कंपोस्ट नीट होण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावे लागते, तर लाकडात ते काही शेकड्यांना 1 असते. ही तफावत भरून काढण्यासाठी लाकूड कुजवणारे जिवाणू आणि बुरशी आसपासच्या मातीतील नत्र उचलतात. हा परिणाम मुख्यतः लाकूड आणि माती जिथे भिडतात तिथे होतो. त्यामुळे खोल पुरलेल्या जाड ओंडक्यापेक्षा मुळांजवळच्या बारीक काटक्या आणि भुसा यांचा त्रास अधिक. माथ्यावर चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घाला आणि पहिल्या हंगामात कोबीसारख्या खादाड पिकांऐवजी घेवडा, चवळी अशी शेंगवर्गीय पिके घ्या. माती फारच पातळ असेल, तर मात्र वाफा उपसून नव्याने रचणेच बरे.

उत्तर 2

उपसण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. त्यात आधीच सुरू झालेली कुजण्याची प्रक्रिया विस्कटते, आणि माती वरून वाढवता येते.

पाण्याविषयीची अपेक्षा मात्र दुरुस्त करायला हवी. ताजे, टणक लाकूड झाडांच्या उपयोगी पडेल इतके पाणी धरत नाही. बुरशीने ते पोखरून मऊ केल्यावरच त्याची पाणी शोषण्याची क्षमता वाढते. दुसरे कारण पोकळ्यांचे आहे. ओंडक्यांमधल्या जागेत माती ठासून भरली नसेल, तर तिथे हवा खेळते, लाकूड कोरडे राहते, जमिनीतली ओल वर चढत नाही आणि वरची माती त्या पोकळ्यांत घसरून वाफा खचतो. पहारीने सावधपणे भोके पाडून त्यांत बारीक माती आणि कंपोस्टचे मिश्रण पाण्याबरोबर सोडा, म्हणजे ते आतपर्यंत झिरपेल. माथा टोकदार असेल तर तो सपाट करून मधोमध उथळ पन्हळ ठेवा, नाहीतर दिलेले पाणी उतारावरून निघून जाते. सर्व बाजूंवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादनही हवे, कारण उंच वाफ्याचा बराच पृष्ठभाग ऊन-वाऱ्याला उघडा असतो. मुळात कोरड्या हवामानात ओंडके चर खणून जमिनीखाली पुरणे आणि वाफा जेमतेम उंच ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. उंच ढिगारा पाणी साचणाऱ्या जमिनीला शोभतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ओंडके कोणत्या झाडाचे आहेत याने फरक पडतो का?

उत्तर 3

पडतो. मऊ लाकूड लवकर कुजते आणि वाफाही लवकर बसतो. टणक लाकूड अनेक वर्षे टिकते. काळ्या अक्रोडाच्या लाकडातील जुगलोन या इतर झाडांना मारक असलेल्या द्रव्यामुळे टोमॅटोला इजा होते. विलोचे ताजे ओंडके मातीत फुटून वाढू लागतात. रंगवलेले किंवा टिकाऊपणासाठी रसायने मुरवलेले लाकूड अजिबात वापरू नये. वाळवी असलेल्या भागात असा वाफा घराच्या भिंतीपासून लांबच असावा. एक धोका क्वचितच सांगितला जातो: उतारावर पाणी अडवण्यासाठी हा वाफा बांधासारखा आडवा घालू नये, कारण मागे पाणी तुंबले की आतले कोरडे लाकूड तरंगू पाहते आणि वाफा फुटू शकतो.

फळझाड माथ्यावर लावू नका. लाकूड कुजत जाईल तसा वाफा खाली बसत राहील, मुळे उघडी पडतील आणि झाड कलेल. ते पायथ्याशी, न हललेल्या जमिनीत लावले, तर मुळे हळूहळू वाफ्याकडे वळू शकतात.