हिमवादळाच्या आदल्या रात्री काय करून ठेवता?

इशारा आला की दूध-ब्रेड सगळेच आणतात, ते सोडून बोला. नळ, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), गाडी. आकड्यांसकट लिहा.

मिनिआपोलिस: घरातले बाहेरच्या भिंतीलगतचे नळ, थंड आणि गरम दोन्ही, अगदी बारीक धारेने सोडा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. बाहेर उणे ७ च्या खाली गेलं की धोका सुरू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण पाइप बहुतेकदा बर्फ धरतो तिथे फुटतच नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब त्याला फोडतो. धार त्या दाबाला वाट देते. तरीही गोठलाच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायर नळाच्या बाजूने मागे मागे न्या. ब्लोटॉर्च अजिबात नको. आणि मुख्य व्हॉल्व्ह आजच शोधून फिरवून बघा. फुटलेला पाइप गळतो बर्फ वितळल्यावर, नेमका सगळे निर्धास्त झाल्यावर.

बफेलो: नव्या फर्नेसचे पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर निघतात. वादळात दर दोन-तीन तासांनी त्यांच्या तोंडावरचा बर्फ काढा. तोंड बुजलं की प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो आणि घरातले थर्मोस्टॅटची बटणं दाबत बसतात! कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मचे सेलही तपासा.

विनिपेग: ब्लॉक हीटर (गाडीचं इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) निघायच्या तीन-चार तास आधी लागला की पुरे, टायमर लावा. रात्रभर ठेवलात तर इंजिनापेक्षा विजेचं बिल जास्त तापतं. पायऱ्यांवर साधं मीठ उणे १० च्या खाली जवळपास वाया, तिथे कॅल्शियम क्लोराइड. तेही नसेल तर वाळू, निदान पाय घसरत नाही.

डॅलस: इथली घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत, बऱ्याच घरांत पाइप माळ्यावरून जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी ऊब मिळावी म्हणून गॅरेजात गाडी चालू ठेवली, घरात कोळसा पेटवला. त्यात माणसं दगावली. जनरेटर घरापासून किमान २० फूट, खिडक्यांपासून लांब. फ्रिज उघडला नाही तर चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८.

पुणे → शिकागो, पहिलाच हिवाळा: वरचे उणे ७ सेल्सिअस की फॅरनहाइट?

मिनिआपोलिस: सेल्सिअस. तुमच्या थर्मामीटरवर २०.