कुंपणाबाहेर टॉवर बांधला तर जंगलाचं काय जातं? (बोरिवली नॅशनल पार्क)

डोंगरउतार:
काल इथे एकाने लिहिलं, "नॅशनल पार्कची भिंत ठरलेली आहे. भिंतीबाहेर तीस मजले चढवा नाहीतर साठ, बिबट्याचं काय जातं?" याला दोन ओळींत उत्तर होत नाही, म्हणून वेगळा धागा काढला.

पाणी भिंतीशी थांबत नाही. दहिसर, पोईसर, ओशिवरा याच डोंगरांतून उतरतात, मिठीला विहार आणि पवईच्या सांडव्याचं पाणी येतं. पायथ्याला वर मुरूम आणि खाली काळा कातळ. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, कातळाच्या सांध्यावरून सरकतं आणि दिवाळीनंतरही ओढे, विहिरी जिवंत ठेवतं. तिथे तीन तळघरांसाठी दहा-बारा मीटर खणलं की हा सांधाच कापला जातो. पाणी खड्ड्यात उतरतं, पंप रात्रंदिवस ते नाल्यात फेकतात. सोबत मुरमाचा गाळ जातो, तो मे महिन्यात काढला तरी पहिल्या मोठ्या पावसात नाल्याचा तळ पुन्हा वर येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला तेव्हा मिठीकाठी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

उतार कापून बांधलेल्या भिंतीचंही तेच. पाणी बाहेर पडायची भोकं ठेवली, पण मागे खडी-वाळूची गाळणी भरली नाही, तर दोन पावसाळ्यांत भोकं मुरमाने बुजतात आणि पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो. 2 जुलै 2019 ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून माणसं गेली. हे विसरून मजले मोजू नका.

चौथामजला:
विरोध करणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा. 5 डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेत इकोसेन्सिटिव्ह पट्टा, म्हणजे पार्कच्या हद्दीबाहेरचा बांधकामावर बंधनं असलेला भाग, 59.46 चौ. किमी आहे. रुंदी कुठे 100 मीटर, कुठे 4 किलोमीटर. पार्कला लागून असलेल्या आरे कॉलनीतली 165 हेक्टर जागा मेट्रो कारशेडसाठी त्यातून वगळली. सरकारला हवी ती जमीन सुटते. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या, स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या सोसायट्यांनीच या पट्ट्यातल्या परवानग्या बघणाऱ्या समितीच्या दारात का ताटकळायचं? उपनगरात मूळ एफएसआय 1, म्हणजे जेवढा प्लॉट तेवढंच बांधकाम. वर पैसे भरून मिळणारा प्रीमियमचा, टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क), 35 टक्के फंजिबल (वरचं जादा क्षेत्र) आणि पुनर्विकासाचा प्रोत्साहनपर एफएसआय. हे सगळं वापरल्याशिवाय सभासदाला वाढीव जागा देऊन बिल्डरचं गणित बसत नाही. मजले कापले की पुनर्विकास थांबतो आणि म्हातारी माणसं जिन्यात अडकतात. झाडांचं म्हणाल, तर ती हलवून लावता येतात, कायद्यात सोय आहे.

पारंबी:
"हलवून लावता येतात" हे वाक्य परवानगीच्या कागदावर शोभतं. 25 सेंमी व्यासाच्या बुंध्याला निदान दोन मीटर रुंद, मीटरभर खोल मुळांचा गोळा लागतो. वजन पाच टनांच्या घरात. चर एकदम खणायचा नसतो. आधी अर्ध्या घेरात खणून मुळं करवतीने स्वच्छ कापायची, माती भरून सहा-आठ आठवडे पाणी द्यायचं, बारीक मुळं फुटली की उरलेला अर्धा. मग गोळ्याला बारदान आणि काथ्याची घट्ट वीण. साइटवर काय होतं? एका दुपारी जेसीबी येतो. त्याच्या दातांनी ओढलेली मुळं चिरफाळतात, तिथून बुरशी शिरते. क्रेनचा पट्टा थेट बुंध्यावर आवळतात, साल गोल सोलली जाते आणि झाड उभ्या उभ्या मरतं. पायथ्याच्या मुरमात तर गोळा धरतच नाही, उचलताना ढासळतो.

चौथामजला:
मग पद्धत सुधारा. वड, पिंपळ सगळीकडे जगलेले दिसतात.

पारंबी:
वड, पिंपळ, उंबर जगतात, कारण ते भिंतीच्या फटीतही उगवतात. या डोंगरावर ऐन आहे, साग आहे, जुने आंबे आहेत. त्यांचं सोटमूळ तुटलं की संपलं. वडाचं उदाहरण देऊन ऐनाची कत्तल मंजूर करून घेता, याचा राग येतो!

सातबारा:
2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, हेही सांगा की.

पारंबी:
कुठे लावतात तेही सांगा. झाड तुटतं पायथ्याला, रोपं जातात दुभाजकात. पहिले तीन उन्हाळे टँकर नाही, काठीचा आधार नाही.

सातबारा:
तुमचं झाडांचं चालू द्या. पण तुम्ही सगळेच आदिवासी पाड्यांबद्दल गप्प आहात. आरेतच 27 पाडे. तिथे नळजोडणी मागितली की जंगलाचा नियम आडवा येतो, आणि त्याच रस्त्यापलीकडे टॉवरला जलतरण तलावाची मंजुरी मिळते. जंगल वाचवणाऱ्यांनी हे आधी बोलावं.

डोंगरउतार:
मान्य. आमच्या पत्रकांत पाडे शेवटच्या ओळीत येतात, ते चूक आहे. पण याचा दोष टॉवर अडवणाऱ्यांवर ढकलू नका. टॉवरच्या उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि अंधारात शौचाला बाहेर जाणारं पोर पाड्यातलं असतं, टॉवरमधलं नाही.

चौथामजला:
कचरा आणि तळघर, दोन्ही मुद्दे मान्य करतो. नाइलाजाने, कारण मुरमाचं पाणी खोटं नाही. पार्किंग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवर घ्या, नाहीतर गाड्यांचा यांत्रिक मनोरा उभारा. खर्च वाढेल, जमीन वाचेल. पण मग उंचीवर ओरडू नका. पोडियमने चार मजले खाल्ले तर घरं वरच चढणार.

डोंगरउतार:
उंचीसाठी मी अडून बसणार नाही. पायथ्याला तळघर नको, उताराला कापणी नको, भिंतीमागे गाळणीचा थर भरताना तपासणी हवी. जंगलाकडच्या बाजूचे दिवे वरून झाकलेले, उजेड खाली पाडणारे, कचऱ्याची खोली दाराची. एवढं परवानगीच्या अटींत लिहून द्या, सोसायटीच्या बाजूने सही करतो.

पारंबी:
मी नाही करणार. प्लॉटवरचे ऐन जागेवर ठेवून इमारतीचा आराखडा वळवा, मग बघू.