डोरेमॉनचा चेहरा एका बाजूला सरकतोय, उसवू का?

नवी_विणकरीण:
नमस्कार मंडळी. क्रोशाचं मला तसं बऱ्यापैकी येतं, रुमाल, टोप्या, शाली केल्यात, पण आत कापूस भरून बाहुली करायची ही पहिलीच वेळ. भाचीचा डोरेमॉनवर, कार्टूनमधल्या त्या निळ्या मांजरावर, भारी जीव आहे, पाच वर्षांची होईल तेव्हा तिला द्यायचाय, तीन आठवडे आहेत हातात. डोकं निळ्या लोकरीने सुरू केलं, मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणारा सुरुवातीचा फास) ६ मुके खांब (क्रोशाचा सगळ्यात आखूड, साधा टाका), मग दर फेरीला ६ वाढवत ५४ पर्यंत नेलं, इथवर छान झालं. पुढे समोर पांढरा चेहरा यावा म्हणून त्याच फेरीत निळा सोडून पांढरा, परत निळा असं करत गेले, तर चेहऱ्याची कड सरळ जायच्या ऐवजी दर फेरीला थोडी थोडी उजवीकडे सरकली आणि आता त्याने मान वाकडी केल्यासारखी दिसतेय. टाके तीनदा मोजले, बरोबर आहेत. दुसरं म्हणजे कापूस भरून बघितला तर फटींतून पांढरं पांढरं दिसतंय. सुई ४ एमएमची आहे, लोकरीच्या वेष्टनावर तीच लिहिली होती. उसवू का सगळं? चार संध्याकाळी गेल्यात यात, फार जिवावर आलंय.

लोकरवेडी:
अगं तुझं मोजणं चुकलेलं नाही, मुका खांबच तसा आहे. काम न उलटवता सलग गोल गोल विणलं की प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या अगदी डोक्यावर न बसता जरासा बाजूला बसतो, उजव्या हाताने विणणाऱ्यांचा उजवीकडे. एकरंगी कामात कुणाच्या लक्षातही येत नाही पण दोन रंगांची उभी कड आली की लगेच उघडं पडतं. म्हणून डोकं पूर्ण निळं कर आणि चेहरा वेगळा विणून वरून शिव.

चेहऱ्याला पांढरी चकती कर, ६ पासून ४२ पर्यंत, आणि मग एक फेरी न वाढवता घे म्हणजे कड किंचित आत वळेल. ती वळलेली कड महत्त्वाची आहे बरं का, कारण सपाट चकती गोल डोक्यावर लावली की कडेला चुण्या पडतात. अजून एक, वाढवायचे टाके दर फेरीला एकावर एक आले की गोलाऐवजी षटकोन तयार होतो, तर एकाआड एक फेरीत वाढवायची जागा मधोमध सरकव.

सुई मात्र बदलच. वेष्टनावरचा नंबर स्वेटर-शालीसाठी असतो, तिथे कापड मऊ सुटं पडायला हवं, खेळण्यात आपल्याला घट्ट हवंय. त्याच लोकरीला २.५ किंवा ३ एमएम घे. हो, बोटं दुखतात पहिले दोन दिवस. आणि घटवताना दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या कडीतून (टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी आपल्याकडचा) सुई घालून दोन्ही एकत्र काढ, मग तिथे भोक पडत नाही, घटवलेलं दिसतसुद्धा नाही.

थोडक्यात हो, उसव. लोकर वाया जात नाही, सैल गुंडाळून ठेव नि परत वापर.

सुईदोरा:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त मानेबद्दल सांगते कारण माझा पहिला डोरेमॉन तिथेच फसला होता. डोकं मोठं, जड, आणि मी ते वेगळं करून बारीक मानेवर शिवलं, आठवड्याभरात डुगडुगायला लागलं. आता मी डोकं आणि धड एकत्रच विणते. ५४ वर नऊदहा फेऱ्या सरळ घ्यायच्या, मग घटवत २४ वर आलं की तिथेच लाल लोकर लावून दोन फेऱ्या, तोच त्याचा गळपट्टा, आणि लगेच परत निळा घेऊन धड वाढवायचं. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढ नव्या रंगाने घ्यायचा, नाहीतर कडेला अर्धा टाका जुन्या रंगाचा राहतो. घंटा पिवळी, १२ टाक्यांची गोळी पुरते. मानेत कापूस दाबून भर, अगदी हाताला टणक लागेपर्यंत, पण कापूस मोठा गोळा करून कोंबू नकोस, पिंजून छोटे छोटे पुंजके घाल नाहीतर बाहेरून गाठी दिसतात.

मापाला एक गंमत उपयोगी पडते. डोरेमॉनची उंची १२९.३ सेंमी आणि छातीचा घेरही १२९.३च दिलेला आहे, म्हणजे टेपने धडाचा घेर मोजायचा आणि तो साधारण उंचीएवढा आला की तो खरा डोरेमॉन दिसतो. नवशिके त्याला हमखास बारीक करतात. आणि कान नाहीत त्याला, त्यामुळे दोन तुकडे वाचले!

निवांत_वीण:
डोळ्यांना प्लॅस्टिकचे मागे चकती दाबून बसवायचे ते लावणार असशील तर थांब. भाची पाचची असली तरी घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते निघून तोंडात जायची भीती असते, भरतकाम करणंच बरं. तसंही याचे डोळे म्हणजे दोन पांढरे लांबट गोल एकमेकांना चिकटलेले आणि आत काळा ठिपका, ते विणून शिवलेलेच शोभतात. तोंडाची रेघ उलट्या टीपेने घाल, मिशा तीन तीन, सरळ एकेक लांब टाका. काळ्या दोऱ्याची टोकं पांढऱ्या चकतीच्या मागे तशीच सोडू नकोस, आरपार दिसतात, निळ्या भागात नेऊन लपव. आणि शिवायच्या आधी सगळं टाचण्यांनी लावून लांबून बघ, शक्य झालं तर दुसऱ्या दिवशी परत बघ. डोळे अर्धा सेंमी वर गेले तर चेहरा अनोळखी होतो, खरंच.

नवी_विणकरीण:
उसवलं. ३ एमएमने परत सुरू करून आज ५४ वर आले, कापूस भरून उजेडासमोर धरलं तर एकही फट दिसत नाही. एक शंका, माझ्या कामात बाहेरच्या बाजूला आडव्या रेघा रेघा दिसतात, फोटोंत सगळ्यांच्या इंग्रजी व्ही सारखे टाके दिसतात, असं का?

लोकरवेडी:
ती आतली बाजू बाहेर आलीय. वाटी पालथी केल्यासारखी उलटव आणि पुढे विणताना सुई बाहेरच्या बाजूने आत घाल. बंद करायच्या आधी विचारलंस ते फार बरं झालं.

नवी_विणकरीण:
उलटवलं! लगेच नीटनेटकं दिसायला लागलं. आता पांढरी चकती घेते, टाचण्या लावल्या की फोटो टाकते, डोळ्यांची जागा तुम्हीच सांगा.